सिल्वासा, २ ऑगस्ट १९५४

(नकाशा : दमणचा किनारा, मध्ये मुंबई राज्याची पट्टी, पूर्वेला दोन वेगळे तुकडे.)

हा नकाशा नीट पाहा. समुद्रकाठी दमण, तिथे पोर्तुगीजांचा गव्हर्नर. आत, पूर्वेला, इवलंसं दादरा. त्याच्या पुढे नगर हवेली, आणि तिचं मुख्य ठाणं सिल्वासा. दोन्ही मिळून ७२ गावं, ४९१ चौरस किलोमीटर. समुद्र कुठेच नाही, चहूबाजूंनी भारत. दमणहून सिल्वाशाला शिपाई धाडायचा, तर त्याला भारताच्या हद्दीतूनच जावं लागे.

१९४७ पासून नकाशा असाच होता. तो पाहून, हा मुलूख पोर्तुगीजांकडून सोडवायला भर पावसात निघणारी माणसं निघाली ती १९५४ मध्ये.

हा मुलूख पोर्तुगीजांनी लढून जिंकलेला नव्हता. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ हे त्यांचं जहाज धरलं होतं. त्याच्या भरपाईचं घोंगडं काही वर्षं भिजत पडलं. १७७९ मध्ये पुण्याच्या दरबाराशी तह झाला आणि सालीना १२ हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना तोडून द्यायचं ठरलं. १७८३ आणि १७८५ मध्ये त्यांच्या सनदा निघाल्या. पुढे पेशवाई बुडाली. इंग्रज आले, गेले. ही गावं मात्र लिस्बनच्या दप्तरातच राहिली. गावांत राहणारे वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींना यातलं काही कोणी विचारलं नव्हतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. तरुण चेहरे, धोतर-सदरा, अर्धी चड्डी.)

आता माणसांकडे येऊ. सिल्वासा कोणी घेतलं, याची वेगवेगळी उत्तरं आजही ऐकायला मिळतात, कारण प्रत्येक पक्ष आणि संघटना आपल्यापुरतीच गोष्ट सांगते. खरं तर ही मोहीम एकट्या कोणाचीच नव्हती. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स ही गोवेकरांची संघटना होती. फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई तिचे पुढारी. विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी यांचा आझाद गोमंतक दल हा गोवा मुक्तीसाठी लढणारा गट होता. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांच्याबरोबर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण होते. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी शेजारच्या डहाणू-तलासरीत वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं होतं, त्या चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्तेही होते. एरवी ही मंडळी एका व्यासपीठावर बसली नसती. त्या पावसाळ्यात त्यांनी एकाच मुलखात वेगवेगळ्या वाटांनी पाऊल टाकलं.

यातला एकही सैनिक नव्हता. पगार नाही, गणवेश नाही, आणि भारत सरकारचा हुकूमही नाही. पोर्तुगीज वसाहतींचा प्रश्न शांततेने सुटावा, ही पंडित नेहरूंची जाहीर भूमिका होती. त्यामुळे पैसाही लोकांमधूनच उभा करावा लागला. संगीतकार सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, तो याच कामासाठी. फडके पैसे जमवून थांबले नाहीत, स्वतः मोहिमेत उतरले. बाबासाहेब पुरंदरेही त्या तुकडीत होते. फडक्यांचा वाढदिवस २५ जुलैचा, पुरंदऱ्यांचा २९ जुलैचा. मोहीम ऐन रंगात असताना एकाला ३५ वर्षं पूर्ण झाली, दुसऱ्याला ३२. पुढे ज्यांची नावं महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली, ती ही माणसं त्या आठवड्यात जीव धोक्यात घालून तिथे होती.

(दृश्य : पाऊस. पाण्याने भरलेली भातखाचरं.)

पहिला घाव दादऱ्यावर पडला. २१ जुलैची रात्र उलटताना युनायटेड फ्रंटचे स्वयंसेवक पोलीस ठाण्यावर चालून गेले. ठाण्याचा सब-इन्स्पेक्टर आनिसेतो दो रोझारिओ याने शस्त्र खाली ठेवलं नाही. तो मारला गेला. कॉन्स्टेबल आंतोनियो फर्नांडिसही मारला गेला. आपल्याकडे या दोघांचा उल्लेख फारसा होत नाही. तो व्हायला हवा; ते आपल्या जागेवर उभे राहिले आणि तिथेच पडले.

दादरा पडलं आणि भारताने दमणहून जाण्याची वाट पूर्ण बंद केली. राखीव पोलिसांचे प्रमुख जमशेद नगरवाला सीमेवर ठाण मांडून बसले. आता सिल्वाशाला ना कुमक, ना दारूगोळा.

पुढचं लक्ष्य नरोली. नरोली आणि सिल्वासा यांच्यामधून दमणगंगा वाहते. नाशिकच्या डोंगरात पडलेला सगळा पाऊस घेऊन ती इथे उतरते. जुलैअखेरीस तिचं पात्र पाहिलेला माणूस रात्री त्यात पाय घालायला धजत नाही. २८ जुलैच्या रात्री आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक नरोलीच्या चौकीवर गेले. चौकीत मोजके पोलीस. नदीला पूर असल्यामुळे सिल्वाशाहून कोणी येणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी हत्यारं टाकली.

पण ज्या पुराने नरोलीच्या पोलिसांना एकटं पाडलं, तोच आता स्वयंसेवकांच्या आडवा आला. सिल्वासा पलीकडच्या काठावर. चिखल पोटरीपर्यंत, कपडे अंगावरच ओले, आणि जवळच्या थोड्याशा शस्त्रांपैकी कुठलं ऐनवेळी चालेल आणि कुठलं नाही याचा भरवसा नाही. १ ऑगस्टला ते पिपरियाला पोचले. सिल्वासा आता हाकेच्या अंतरावर.

सिल्वाशात प्रशासक होता कॅप्टन विर्जिलियो फिदाल्गो. त्याच्या हाताखाली सुमारे १५० पोलीस, हाती रायफली. समोरासमोर गाठ पडली असती तर काय झालं असतं, याचा विचार करताना अंगावर काटा येतो. गाठ पडली नाही. फिदाल्गो आपली बहुतेक माणसं घेऊन दक्षिणेला खानवेलकडे निघून गेला. २ ऑगस्टच्या पहाटे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले. मागे राहिलेले पोलीस शरण आले. कचेरीवरचा पोर्तुगीज झेंडा उतरला, तिरंगा चढला.

मोठी चकमक झाली नाही म्हणून या दिवसाचं मोल कमी धरणारे भेटतात. मला ते पटत नाही. पिपरियाहून निघताना त्या मुलांना पुढे रिकामी कचेरी आहे की दीडशे बंदुका, हे ठाऊक नव्हतं. तरी ती निघाली. त्यांचं धाडस तिथेच मोजायला हवं.

(नकाशा : सिल्वासा ते खानवेल, पुढे उदवा.)

फिदाल्गोची फरफट आणखी नऊ दिवस चालली. मागे स्वयंसेवक, आजूबाजूला बिथरलेली वारली गावं, पुढे भारताची हद्द. ११ ऑगस्टला उदव्याला त्याने स्वयंसेवकांसमोर नव्हे, तर नगरवालांच्या पोलिसांसमोर शरणागती पत्करली. नगर हवेलीतली पोर्तुगीज सत्ता संपली.

पुढची सात वर्षं मला लढाईइतकीच मोलाची वाटतात. कारण हा मुलूख लगेच भारतात आला नाही. तो मुक्त होता, पण ना पोर्तुगालचा, ना भारताचा. अप्पासाहेब करमळकर प्रशासक झाले, वरिष्ठ पंचायत कारभार पाहू लागली, जुन्या पोर्तुगीज टपाल तिकिटांवर नवा शिक्का मारून ती चालवली गेली. शाळा, न्याय, महसूल, सगळं त्या एवढ्याशा मुलखाने स्वतः सांभाळलं.

तिकडे पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारतातून लष्कर नेण्याचा हक्क आम्हाला आहे, हा त्यांचा दावा. भारताची बाजू तेव्हाचे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. नेदरलँड्समधल्या त्या दालनात पुण्याचा तह आणि पेशव्यांच्या सनदा उलगडल्या गेल्या. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क; सार्वभौम सत्ता नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य केली होती, हेही नमूद केलं. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल भारतातून नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. लष्कर, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. आणि १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये भारताने वाट अडवली, त्यात काही गैर नव्हतं.

१९६१ च्या जूनमध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर या मुलखातर्फे सही करायला अधिकारी हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. एका बाजूला बदलानींची सही, दुसऱ्या बाजूला नेहरूंची. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. त्यानंतर चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा आणि दमणही मुक्त झालं.

वारल्यांच्या जमिनीचा प्रश्न मात्र झेंड्याबरोबर बदलला नाही. पोर्तुगीज अमलात मोठ्या जमीनदारांना दिलेले ‘आल्वारा’ पट्टे मुक्तीनंतरही चालूच राहिले. ते रद्द करणारा जमीन सुधारणा कायदा आला १९७१ मध्ये, सिल्वाशाच्या त्या पहाटेनंतर १७ वर्षांनी, आणि नंतरही जमीनदार त्याच्याविरुद्ध न्यायालयांत भांडत राहिले.