शर्ट भिजत घालू नका

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री साडेदहाला फोन वाजतो. समजा, संगमनेरचा वीस वर्षांचा मुलगा पुण्याहून स्कूटरवर घरी निघालाय. नारायणगावच्या पुढे मागून येणारा टेम्पो त्याला उडवतो, तो रस्त्याकडेच्या मुरमात जाऊन पडतो आणि टेम्पो न थांबता निघून जातो. कुणीतरी १०८ ला फोन करतं. घरचे दवाखान्यात पोचतात, तर मुलगा खाटेवर बसलेला, हाताला पट्टी, कपाळाला टाके. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: जिवावरचं शेपटावर गेलं! आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं: आता पोलिसांची भानगड नको, पोरगं घरी घेऊन चला.

पहिलं वाक्य अगदी खरं आहे. दुसऱ्या वाक्याची किंमत मात्र दोनतीन महिन्यांनी कळते. सुटकेचा श्वास टाकल्यावर घरातली माणसं प्रेमापोटी ज्या गोष्टी करतात, त्यांतल्याच काही पुढे आडव्या येतात. आज त्यांबद्दल बोलू.

सुरुवात केसपेपरपासून. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" मुलगा ग्लानीत असतो. मामा पुढे होऊन सांगतो, "काही नाही डॉक्टर, गाडी घसरली." मामाचा हेतू एवढाच, की चौकशी लांबू नये. पण कागदावर ओळ पडते: 'दुचाकीवरून घसरून पडल्याचे नातेवाईक सांगतात.' पुढे फिर्यादीत 'अज्ञात वाहनाने धडक दिली' असं येतं, तेव्हा समोरचा वकील ही पहिलीच ओळ मोठ्याने वाचतो. अपघातानंतर सर्वांत आधी झालेली नोंद म्हणून तिला वजन असतं. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा: अनोळखी वाहनाने मागून धडक दिली, वाहन पळून गेलं, जागा अमुक, वेळ अंदाजे अमुक. तुम्ही स्वतः पाहिलं नसेल तर 'ज्यांनी आणलं त्यांनी असं सांगितलं' असं म्हणा. ही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस आहे. तशी नोंद झाली का ते विचारा आणि एमएलसी नंबर लिहून घ्या. दुसऱ्या दवाखान्यात हलवलंत तर पहिल्या केसपेपरचा फोटो काढूनच निघा.

खर्चाचंही तिथेच विचारा. मे २०२५ पासून केंद्राची एक योजना लागू आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. धडक देणारं वाहन सापडलं नाही तरी मिळतात. डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग नाही, दाखल करतानाच विचारायचं.

आता डोक्याचं. सीटी स्कॅन स्वच्छ आला की घरचे निश्चिंत होतात. तरीही पुढचे २४ ते ४८ तास घरात एक जागं माणूस हवं. पुन्हा पुन्हा उलटी होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, हाक मारूनही नीट जागं न होणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणं, आकडी: यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. मेंदूवरच्या आवरणाबाहेर रक्त साचायला लागलं, तर माणूस आधी काही तास अगदी छान बोलतो आणि मग ढासळतो. "रात्री जेवला की चांगला" हे वाक्य अशा वेळी फार फसवं असतं. झोपू द्यायला हरकत नसते, पण मध्ये किती तासांनी उठवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. उठवल्यावर नुसतं "हूं" पुरेसं नाही. तू कुठे आहेस, समोर कोण आहे, याची धड उत्तरं यायला हवीत. दुखतंय म्हणून घरातली कुठलीही गोळी देऊ नका. ॲस्पिरिन तर नाहीच, तिने रक्तस्राव वाढू शकतो.

दुचाकीवाल्याच्या पोटात हँडलचं टोक घुसलेलं असतं. वरून फक्त निळसर डाग दिसतो, घरचे 'मुका मार' म्हणून हळद लावतात. पण डाव्या बरगडीखाली दुखतंय, त्याबरोबर डावा खांदाही दुखतोय आणि चेहरा पांढरा पडतोय, तर प्लीहा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव, फाटलेली असू शकते. हे दोन दिवसांनीही उघडकीला येतं. लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी झाली, तरी लगेच दाखवा.

आणखी एक हाड आहे, छोटं पण फार त्रास देणारं. पडताना माणूस हात टेकतो आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातलं होडीच्या आकाराचं हाड चिरतं. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये ते बऱ्याचदा दिसत नाही. अंगठ्यामागच्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. हाडवैद्याकडे चोळायला नेलंत तर हाड जुळण्याचं राहतं बाजूला. यात कागदाचाही प्रश्न आहे. पहिल्या दाखल्यावर 'साधी दुखापत' लिहिलेलं असतं. बाराव्या दिवशी फ्रॅक्चर दिसलं, की कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होते. मग डॉक्टरांकडून सुधारित दाखला घेऊन तो तपासी अंमलदाराकडे द्यावा लागतो. तो आपण नेऊन दिला नाही, तर बहुधा कुणी मागायला येत नाही.

आता त्या रात्रीच्या घराकडे वळू. पहाटे मुलगा झोपतो. आई रक्ताने भरलेला शर्ट बादलीत थंड पाण्यात भिजत घालते. तिला तो डोळ्यांसमोर नको असतो, आणि त्यात तिचं काय चुकलं? पण त्याच शर्टाच्या पाठीवर टेम्पोच्या बंपरचा काळा किंवा रंगाचा घासा उमटलेला असू शकतो. कपडे धुवू नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डाग ओळखू येत नाही.

सकाळी काका स्कूटर आणायला जातात. येताना गॅरेजवर टाकतात, गॅरेजवालाही चांगुलपणाने आधी फवाऱ्याने धुऊन काढतो. झालं! मागच्या मडगार्डवर दुसऱ्या गाडीच्या रंगाची रेघ असते, टेललाइटच्या फटीत परक्या इंडिकेटरची नारिंगी काच अडकलेली असते. दिव्यांच्या काचांवर पुष्कळदा बनवणाऱ्याचं चिन्ह आणि भाग क्रमांक उठवलेला असतो. त्यावरून टेम्पो कुठल्या मॉडेलचा, इथवर पोचता येतं. घटनास्थळाचा आणि गाडीचा पंचनामा होईपर्यंत स्कूटर हलवू नका, धुऊ नका. रस्त्यात अडथळा म्हणून हलवावीच लागली, तर आधी फोटो काढा. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड येईल, एक मधल्या अंतरावरून आणि एक जवळून, खुणेशेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे माप कळतं. पडलेले तुकडे स्वतः गोळा करू नका, पोलिसांना दाखवून पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा.

सगळ्यात घाई कॅमेऱ्यांची. दुकान, पेट्रोल पंप, धाबा, टोलनाका, कुणाचा तरी बंगला: हे सगळे कॅमेरे जुनं पुसून त्यावरच नवं भरतात. डिस्क लहान असली तर आठवड्याभरात पुसलं जातं, मोठी असली तर महिन्याभरात. जखमीजवळ गर्दी करून बसलेल्या पाच नातेवाइकांपैकी दोघांना या कामाला लावा. अपघाताच्या जागेपासून टेम्पो ज्या दिशेला गेला त्या बाजूला चालत जा आणि प्रत्येक कॅमेरा वहीत टिपा: दुकानाचं नाव, मालकाचा फोन, कॅमेऱ्याचं तोंड कुठे. यंत्रावरचं घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही मोबाइलशी ताडून लिहा. ही शेवटची नोंद हमखास राहते आणि मग साडेदहाचा टेम्पो कॅमेऱ्यात दहा-बावीसला दिसतो म्हणून वाद होतो. मालकाला विनंती करा की तेवढा भाग पुसू देऊ नका, आणि ही यादी लेखी अर्जासोबत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पडद्यावरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ माग काढायला चालतो. न्यायालयात मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेली प्रत लागते, आणि ती पोलिसांनीच घेतलेली बरी. संशयित गाडीचा नंबर व्हॉट्सॲपवर फिरवू नका. अर्धवट आठवलेल्या नंबरावरून भलत्याच्याच दारात माणसं जमतात.

नंबरावरून आठवलं. डोक्याला मार लागलेल्याला धडकेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटं खरोखरच आठवत नाहीत. घरचे त्याला टोकतात: "पांढरा होता ना रे? नाशिकचा नंबर होता ना?" तो हो म्हणतो. चार वेळा हो म्हटलं, की त्याला स्वतःलाही तसंच आठवायला लागतं. असं करू नका. शुद्ध नीट आल्यावर एकदा त्याच्याच शब्दांत लिहू द्या आणि जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असंच राहू द्या. पोलीस जबाब घेत असताना बाबांनी मागून "हा जोरातच चालवतो हो, कितीदा सांगितलं" हे म्हणणंही टाळा. राग काळजीचाच असतो, पण त्यातून मुलाचीही चूक होती असा अर्थ काढला जातो आणि दाव्यात भरपाई कापली जाते.

पोलीस ठाण्यात घडणारी चूक वेगळीच. ठाणे अंमलदार डायरीत नोंद करतात, घरच्यांना वाटतं तक्रार झाली. स्टेशन डायरीतली नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरला नंबर असतो, कलमं असतात आणि प्रत फुकट मिळते. संगमनेरच्या ठाण्यात गेलात, तर हद्द नारायणगावची आहे म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो तिकडे वर्ग करायचा असतो. नोंदच घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. आसपासच्या ठाण्यांतही चौकशी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला मदत मिळवून द्यायची असते आणि शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. जमावाच्या भीतीने पळालेला चालक पुढच्या ठाण्यात जाऊन हजर झालेला असू शकतो.

टेम्पो सापडलाच नाही, तर भरपाई बुडाली असं पुष्कळ घरं धरून चालतात. तसं नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. हाड मोडणं किंवा निखळणं, दात मोडणं हे गंभीर. भारतीय न्याय संहितेत १५ दिवस तीव्र वेदना असणं किंवा नेहमीची कामं करता न येणं हेही त्यातच येतं. पूर्वी ही मुदत २० दिवस होती. अर्ज जिथे अपघात झाला त्या तालुक्यात करायचा, म्हणजे आपल्या उदाहरणात संगमनेरला नाही, जुन्नरला, प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे. सोबत एफआयआर, दुखापतीचा दाखला, दवाखान्याची बिलं, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, बँक पासबुकाची प्रत. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा, मंजुरी जिल्हा पातळीवर. एफआयआरनंतर महिन्याभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर या योजनेची माहिती जखमीला लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना सांगितलेलं आहे. पत्र आलं नाही तर आपण मागावं. पुढे टेम्पो सापडला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रीतसर दावा करता येतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून ६ महिने लिहिलेत, म्हणून वकील लवकर गाठा. दाव्यात रक्कम मिळाली, की आधीचे ५० हजार त्यातून वळते होतात.

विम्याबद्दल दोनच गोष्टी. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर स्वतःच्या स्कूटरचा खर्च मिळत नाही. आणि पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात संरक्षण मालक-चालकाला असतं. गाडी वडिलांच्या नावावर असून मुलगा चालवत होता, तर ते त्याला लागू होत नाही. कॉलेजच्या मुलांच्या गाड्या बहुतेक वडिलांच्याच नावावर असतात, हे ठाऊक असूनही कुणी सांगत नाही.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? सफरचंदं घेऊन पाहुणे येतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं. दिवसातून दहा वेळा तीच धडक सांगायला लावणं हा निराळा मार आहे. घरातल्या एकाने बाहेरच्या खोलीतच सांगून टाकावं. आजीने मीठमोहरीने दृष्ट काढली तर काढू द्या, त्याने कुणाचं बिघडत नाही. रात्री दचकून उठणं, मागून हॉर्न वाजला की अंग आखडणं, चिडचिड, हे पहिले काही आठवडे होतं. महिना उलटूनही झोप आली नाही किंवा तो रस्त्यावर यायलाच नको म्हणाला, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे.

किल्ली कायमची लपवणारे वडील आणि "भीती मोडली पाहिजे" म्हणून आठव्या दिवशी त्याच महामार्गावर नेणारे काका, दोघंही घाई करतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नाही. मग आधी मागे बसून, नंतर दिवसा, ओळखीच्या गल्लीत, दहा मिनिटं. त्याआधी स्कूटरचा पुढचा फोर्क, हँडलचं बेअरिंग आणि दोन्ही रिम तपासून घ्या. नवा रंग मारला, की वाकलेला फोर्क झाकला जातो.

राहिलं हेल्मेट. ते आत्ता पुरावा आहे, म्हणून पुसू नका, पंचनाम्यात घ्यायला सांगा. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि दबला की पुन्हा फुगत नाही. बाहेरून फक्त ओरखडा दिसतो, म्हणून धाकट्या भावाला द्यावंसं वाटतं. प्रकरण संपलं, की कात्रीने त्याचा पट्टा दोन्हीकडून कापा आणि मगच भंगारात टाका.

नमस्कार.