घळीचा शेंडा कुठं पोचला?

श्रोतेहो, नमस्कार. चंबळ म्हटलं की आपल्याला डाकू आठवतात. मुरैना, भिंड, ढोलपूर, इटावा या पट्ट्यातल्या त्या बीहडांबद्दलच, म्हणजे घळींनी फाटलेल्या जमिनीबद्दलच, आज बोलणार आहे, पण डाकूंना सुट्टी. विषय आहे मातीचा.

चंबळचं पात्र काठावरच्या शेतांपेक्षा बरंच खाली आहे. काठाला गाळाची खोल, भुसभुशीत माती. पावसाचं पाणी शेतावरून कडेला येतं आणि खाली झेप घेतं. जिथं आदळतं तिथं पायथा पोखरला जातो, वरची माती ढासळते आणि घळ एक पाऊल शेतात शिरते. पाणी खाली जातं, घळ मात्र वर चढत राहते.

अशा जमिनीची पायी फिरून मोजणी करणं फार जिकिरीचं. एका घळीत उतरलात की शेजारची दिसत नाही. म्हणून उपग्रहाचं चित्र हाताशी आलं, तेव्हा मोठीच सोय झाली. १९८८ साली आपला आयआरएस-१ए अवकाशात गेला. त्याच्या बऱ्यापैकी बारीक कॅमेऱ्यालाही छत्तीस मीटरचा तुकडा एका ठिपक्याएवढा दिसे. २००५ सालच्या कार्टोसॅट-१ ची नजर अडीच मीटरवर आली. शिवाय तो एकाच जागेची दोन कोनांतून चित्रं घेई, त्यामुळे घळीची खोलीही काढता येऊ लागली.

चित्र वाचायचं कसं? उपग्रहाच्या रंगीत चित्रांत हिरवळ लाल रंगात दाखवायची रीत आहे. जानेवारीत गहू-मोहरीची शेतं लालभडक दिसतात आणि त्यांच्या कडेला फिकट, फाटेफुटीची नक्षी. तीच घळ. पण एक गंमत सांगतो. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. ऊन आग्नेयेकडून येतं, सावल्या वायव्येला पडतात. आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय, त्यामुळे उत्तर वर धरून पाहिलं तर घळी उंचवट्यांसारख्या भासतात आणि उंचवटे घळींसारखे! मग चित्र सरळ उलटं धरायचं. खळगे खळग्यांच्या जागी बसतात.

नकाशा तयार झाला की उथळ, मध्यम, खोल अशी वर्गवारी होते. उथळ घळी सपाट करून, बांध घालून पेरता येतात. मध्यम ठिकाणी पायऱ्या काढून बोरं, आवळा लावता येतो. खोल घळींच्या वाटेला जाऊ नये, तिथं गवत आणि झाडंच बरी. ट्रॅक्टर आणि बुलडोझर लावून बीहड सपाट करणं तिथं नवं नाही. उपग्रहाच्या चित्रात ते लगेच शेत म्हणून उमटतं, आकडेवारीत बीहड घटतं. पण पाण्याची वाट बांधून दिली नसेल, तर तीच मोकळी माती पुन्हा फाटते. लाल रंगाचंही तसंच. १९८० च्या दशकात इथं विमानातून वेड्या बाभळीचं बी टाकलं गेलं. आज चित्रात जे लाल दिसतं, त्यात ती बाभूळही असते. माती थोडीफार धरली जाते हे खरं, पण म्हणून जमीन सुधारली असं मी तरी म्हणणार नाही.

माझ्या मते नकाशावर सगळ्यांत आधी पाहावा तो घळीचा शेंडा, म्हणजे शेताला भिडलेलं टोक. पैसा आधी तिथं घालावा. शेताच्या कडेला बांध घालून पाणी अडवावं, उरलेलं दगडी उतारावरून सावकाश खाली सोडावं.

आपल्याकडे तापी-पूर्णेच्या काठी आणि संगमनेरकडे प्रवरेच्या खोऱ्यातही अशी घळीची जमीन आहे. तिथल्या शेतकरी मंडळींना एक सांगतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो. एका पावसाळ्यात दोन मीटर सरकलेला शेंडा त्यात कळायचा नाही. मिरगाआधी शेंड्यापासून वीस पावलांवर, आपल्या शेतात, एक लोखंडी खुंटी ठोका आणि टेपनं अंतर मोजून वहीत लिहा. दिवाळीत पुन्हा मोजा. सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक, आले की वही त्यांच्यापुढे ठेवा.