बेतानं खारं पाणी

[दृश्य : कोरपना तालुक्यातली चुनखडीची खाण. भर दुपार. धुळीतून ट्रक निघताहेत.]

कोरपना-राजुऱ्याकडचा हा दगड सिमेंटच्या भट्टीत जातो. यात तेलाचा थेंब नाही. पण १९७४ साली मुंबई हायला समुद्राच्या तळाखाली तेल लागलं, ते याच जातीच्या दगडात, चुनखडीत. अशा दगडात अडकलेलं तेल बेतानं खाऱ्या पाण्यानं कसं सुटतं, ते समजायला इथलीच एक कपची पुरते.

[जवळून : ओट्यावर दोन कपच्या, शेजारी जवसाच्या तेलाची वाटी.]

पहिली कपची नुसती धुऊन उन्हात वाळवली आहे. वर पाण्याचा थेंब सोडला, तो पसरला आणि बघता बघता जिरला. दुसरी आठवडाभर घाण्याच्या जवस तेलात बुडवून ठेवली होती, मग फडक्यानं कोरडी पुसली. हिच्यावर थेंब पसरत नाही, फुगून बसतो. दगड एकच, पण एकाला पाणी जवळचं, दुसऱ्याला तेल. खडकाच्या या आवडीनिवडीला तेलविहिरीवरची माणसं वेटेबिलिटी म्हणतात.

तेल दगडाला एवढं चिकटतं कशानं? जड पाण्याच्या विहिरीवर कपडे धुणाऱ्या बाईला याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. साबण कितीही घासा, फेस येत नाही, बादलीत पांढरट साका तरंगतो. साबणातलं चरबीचं आम्ल आणि पाण्यातला कॅल्शियम यांची ती गाठ असते. खनिज तेलातही अशी आम्लं असतात, त्यांचं टोक ऋण भाराचं. जमिनीखालच्या कॅल्शियमयुक्त खाऱ्या पाण्यात चुनखडीच्या अंगावर धन भार असतो. लाखो वर्षं शेजारी राहिल्यावर ही गाठ पक्की बसते.

[चित्र : भेगांचा खडक, भेगेतून धावणारं पाणी.]

मग तेल काढायला वरून पाणी दाबलं, तर ते सोपी वाट धरतं. भेगेतून शिरतं आणि उत्पादन विहिरीतून तसंच बाहेर येतं. बारीक छिद्रांतलं तेल जागचं हलत नाही. दगडाला पाणी जवळचं असतं, तर वात तेल ओढते तसं त्यानं पाणी आपणहून आत ओढलं असतं आणि तेल बाहेर ढकललं असतं.

नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात, सुमारे १३० अंश सेल्सियस तापलेल्या खडूच्या दगडात (हीही चुनखडीच), १९८७ पासून समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणावर सोडलं गेलं. समुद्राचं का, तर ते हाताशी होतं म्हणून. तेल मात्र अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. पुढे स्टाव्हँगर विद्यापीठात टोर ऑस्टाड आणि सहकाऱ्यांनी त्याची फोड केली. पाण्यातला सल्फेट ऋण भाराचा. तो दगडावर जाऊन बसतो आणि तिथला धन भार उतरवतो. भार उतरला की पाण्यातला कॅल्शियम जवळ येऊ शकतो, आम्लाला धरतो आणि सोडवून नेतो. ९०-१०० अंशांच्या वर मॅग्नेशियमही कामाला लागतो : दगडावरच्या कॅल्शियमला, त्याला चिकटलेल्या आम्लासकट, उठवून स्वतः बसतो. आपल्या ओट्यावरच्या कपचीवर हे दिसणार नाही. तेवढी धग लागते.

आता मिठाचा हिशेब. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यातले ३० ग्रॅम सोडियम आणि क्लोराइड. सल्फेट जेमतेम २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४. ते ३० ग्रॅम काम काही करत नाहीत, दगडाभोवती गर्दी करून सल्फेटची वाट तेवढी अडवतात. म्हणून पाणी 'कमी खारं' करायचं म्हणजे मुख्यतः ही गर्दी हटवायची.

सौदी अरामको या तेल कंपनीच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत १०० अंशांवर आधी लिटरला ५७.६ ग्रॅम क्षारांचं आखाताचं पाणी सोडलं, मग तेच २ पट, १० पट, २० पट पातळ करून. मूळ तेलाच्या ७ ते ८.५ टक्के, मग ९ ते १० टक्के, शेवटी १ ते १.६ टक्के तेल आणखी सुटलं. पाणी पातळ झालं तसा सल्फेटही घटला होता, तरी तेल आलं. काहींच्या मते खडकातलं अनहायड्राइट हे कॅल्शियम सल्फेटचं खनिज विरघळून सल्फेट पुरवतं, काही जण दगडालगतच्या पाण्यातला भारांचा थर फुगल्याचं सांगतात. वाद मिटलेला नाही.

वालुकाश्मात प्रकरण निराळं, कारण त्यात चिकणमाती असते. फार गोडं पाणी सोडलं तर ती सुटी होऊन छिद्रं बुजवते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हे उघड्यावर दिसतं. खाऱ्या विहिरीवर भिजवलेल्या काळ्या रानात पाऊस पडला की माती विस्कटते, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. तिथं जिप्सम टाकतात ते त्यातल्या कॅल्शियमनं सोडियमला हुसकावं म्हणून.

[दृश्य : प्रयोगशाळा. खडकातून कापलेला दीड इंच व्यासाचा दगडी गट्टू.]

गट्टू टोल्युइन आणि मिथेनॉलनं धुतात, खाऱ्या पाण्यानं भरतात, मग तेल दाबून ९० अंशांच्या आसपास काही आठवडे मुरवतात. घाई इथंच नडते. मुरवण कमी पडलं, किंवा तेलात आम्लच थोडं असलं, तर दगड मुळात तेलाचा होतच नाही. मग नव्या पाण्यानं फरक पडला नाही, असा चुकीचा निकाल हाती येतो.

प्रत्यक्ष विहिरीवर आधी खालच्या पाण्यातला बेरियम मोजायचा. बेरियम आणि सल्फेट भेटले की नळीत जो थर जमतो, तो आम्लानंही सुटत नाही, बहुधा खरवडावा लागतो. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू करतात, ते वेगळंच. आणि पाणी कमी खारं करायला वापरलेलं आरओ यंत्र सल्फेटही काढून टाकतं. त्यामुळे आरओच्या पाण्यात नॅनोफिल्टरनं मागे ठेवलेलं सल्फेटयुक्त पाणी मोजून मिसळावं लागतं.

[जवळून : पाण्यात बुडालेला गट्टू, वर अंशांकित काचेची नळी. गट्टूच्या अंगावर तेलाचा मण्याएवढा थेंब फुगतो, सुटतो, नळीत वर चढतो.]