केळ्यावरचा आळ

(चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, माझ्याकडे मुलाला घेऊन आलेल्या आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘पोऱ्याले ताप शे, काही गिळत नही शे.’ मागून आजी सांगते, काल केळं खाल्लं होतं. ज्या केळीवर आपली घरं उभी राहिली, तिच्यावरच आळ! केळ्याने टॉन्सिल सुजत नाहीत. सुजतात ते जंतूंमुळे, आणि ते जंतू बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरच्या खोकल्यातून येतात.

बरं, टॉन्सिल मोठे दिसले म्हणजे आजार झालाच असं नाही. चार ते सात वर्षांच्या मुलांचे एरवीही मोठेच असतात, पुढे आपोआप लहान होतात. ताप नाही, दुखत नाही, झोपेत घोरणं नाही, तर टॉर्च मारून रोज बघू नका.

सूज आलीच, तर बहुतेक वेळा ती विषाणूंची. नाक वाहतं, खोकला असतो, आवाज बसतो. आठवड्याभरात उतरते, अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. शाळकरी वयात मात्र दुखऱ्या घशाच्या दहा मुलांमागे दोन-तीन जणांना स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असतो. एकदम चढलेला ताप, खोकला नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. नुसत्या ठिपक्यांवरून ठरत नाही. कधी घशाचा नमुना तपासावा लागतो.

परवा एका वडिलांनी शर्टाच्या खिशातून चुरगळलेली स्ट्रिप काढली. दहा दिवसांचं औषध दिलं होतं, पोरानं चार दिवस घेतलं. ‘ताप उतरला, मग कशाला?’ आता रागवावं की समजवावं? स्ट्रेप्टोकोकस अर्धवट राहिला तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात आणि बरेही होतात, पण हृदयाची झडप खराब झाली तर ती जन्मभर पुरते. एवढ्यासाठी ते दहा दिवस.

घरी काय करायचं? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या; गुळणी थुंकता येत नाही अशा लहानग्याला नको. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. मध चालेल, पण वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. पातळ खिचडी द्या. गार कुल्फीनं घशाला बरंच वाटतं. आणि हो, पिकलं केळं! शेवभाजीचा रस्सा चार दिवस तुम्हीच खा.

लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, एकाच बाजूला फुगलंय, श्वासाला आवाज येतोय, तर रात्र काढू नका. घशात राखाडी पापुद्रा दिसला तर घटसर्पाची शंका घ्यायची. लसीचं कार्ड सोबत आणा.

ऑपरेशनचा विचार वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा घसा धरला तर. झोपेत श्वास अडकत असेल तर हा हिशेब बाजूला.

मागे बसलेल्या बाबांनो, तंबाखू मळणं थांबवून जरा ऐका. तुमच्या वयात एकाच बाजूचा टॉन्सिल वाढला आणि दुखत नाही, तर ते पोराच्या टॉन्सिलसारखं समजू नका. दोन-तीन आठवडे तसाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. नातवाच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.