जाग्या पेशंटच्या मेंदूवर ऑपरेशन

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाला फिट आली की आधी कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावतात, मग कोणतरी म्हणतं बाहेरचं असेल, आणि पोरगी लग्नाची असली तर विचारूच नका, डॉक्टरकडं नेणंसुद्धा लपूनछपून. म्हणून फिटच्या पेशंटांच्या मेंदूचं ऑपरेशन करणारे डॉक्टर वायल्डर पेनफिल्ड, हे नाव आपल्याकडं घराघरात माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जन्म १८९१, अमेरिकेतलं स्पोकेन. ऑक्सफर्डला मज्जासंस्थेचे मोठे संशोधक शेरिंग्टन यांच्यासारखे गुरू मिळाले. १९२८ला कॅनडात माँट्रियलला आले आणि त्याच वर्षी सख्ख्या बहिणीचंच ऑपरेशन करायची वेळ आली. रूथला कित्येक वर्षं फिट यायच्या, आत मोठी गाठ होती. उजव्या बाजूचा कपाळामागचा मेंदू बराचसा काढला तरी गाठ पूर्ण निघाली नाही. ती घरी गेली, बोलत-चालत होती. पुढं एकदा घरचे चौघं आणि एक पाहुणा एवढ्यांचाच स्वयंपाक करायचा होता, प्रत्येक पदार्थ तिला येत होता, पण आधी काय ठेवायचं, मग काय, हे काही केल्या जुळेना, पार गोंधळून गेली. भावानं हे बघितलं, आणि पुढं अभ्यास म्हणून लिहूनही काढलं. केवढं काळीज लागत असेल बघा.

१९३४ला रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातनं पेनफिल्डची माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे मेंदूच्या आजारांची संस्था, उभी राहिली. त्यांची ऑपरेशनची पद्धत अशी: मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून फक्त डोक्याची कातडी बधिर करायची, पेशंट जागाच ठेवायचा, आणि मेंदूवर बारीक करंट देत विचारत राहायचं, आता काय वाटतंय? कुणाचा अंगठा हलायचा, कुणाच्या ओठाला मुंग्या यायच्या, कुणाला फिट यायच्या आधी जे वाटायचं नेमकं तेच वाटायचं, की त्या जागेवर नंबराची बारकी चिठ्ठी ठेवायची. बिघडलेला भाग सापडला की तेवढाच काढायचा, बोलण्याची जागा सांभाळायची. यातनंच शरीराचा मेंदूतला नकाशा तयार झाला, त्यात ओठ आणि हाताचा पंजा अख्ख्या पाठीपेक्षा जास्त जागा घेतात.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉ. जेकब चांडींनी १९४९ला वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. पेनफिल्ड १९७६ला गेले. आजही गाठ बोलण्याच्या जागेजवळ असली की पेशंटला जागं ठेवून, चित्रं दाखवून नावं विचारत ऑपरेशन करतात.