हडसनच्या पात्रातलं दीपगृह

दीपगृह म्हटलं की आपल्याला समुद्र आणि खडकावरचा उंच टॉवर आठवतो, पण हे बघा, लाल विटांचं चांगलं राहतं घर, छपरावर छोटासा मनोरा आणि चारी बाजूंनी नदी. न्यूयॉर्क राज्यातली हडसन नदी, एका काठाला हडसन गाव, समोर अथेन्स, आणि पात्रात हे १८७४ सालचं दीपगृह.

पात्र रुंद दिसतंय ना, पण मधे मिडल ग्राउंड फ्लॅट्स नावाचा गाळाचा लांब पट्टा आहे. समुद्र एवढा लांब असूनही भरती-ओहोटी इथपर्यंत येते, भरतीला गाळ पाण्याखाली जायचा आणि बोटी त्यावर जाऊन रुतायच्या.

तळाला नुसता चिखल, मग घर उभं कशावर करणार? तर आधी लाकडी खांब चिखलात खोल ठोकले आणि त्यावर ग्रॅनाइटचा हा चौथरा बांधला. त्याची उत्तरेची बाजू नीट बघा, बोटीच्या नाळेसारखी टोकदार आहे, कारण थंडीत नदी गोठते, मग बर्फाच्या लाद्या वरून वाहत येतात आणि या टोकावर आपटून फुटतात. दीडशे वर्षं हा दगड तो मार खातोय, काय काम केलंय त्या लोकांनी!

दाट धुक्यात दिव्याचा उपयोग नाही, तेव्हा ही घंटा. वजनावर चालणारं यंत्र, चावी दिली की हातोडा ठरावीक वेळाने पडत राहतो, वजन खाली आलं की परत चावी, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. एमिल ब्रुनर यांच्यासारखे रखवालदार इथे बायकामुलांसकट राहिले, किराणा आणायचा तरी होडी वल्हवत जायचं. १९५० च्या आसपास दिवा ऑटोमॅटिक झाला आणि घर रिकामं झालं.

आता पाण्याखालचं. चिखलात पुरलेलं लाकूड हवा लागत नाही म्हणून टिकतं, पण मोठ्या जहाजांच्या पंख्यांनी ढवळलेलं पाणी तो चिखलच ओढून नेतंय, खांब उघडे पडून कुजायला लागलेत. भिंतीतल्या या भेगा त्यामुळेच, आणि २०२४ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने अमेरिकेतल्या सगळ्यात धोक्यातल्या ११ ठिकाणांत याचं नाव घातलं.

हे थांबवायला दीपगृह सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेला चौथऱ्याभोवती पोलादी भिंत ठोकायचीय, खर्च लाखो डॉलरचा. आधी ती भिंत व्हायला हवी, विटा आणि रंगाचं नंतर बघता येईल.