गळ्यात माळ घातल्यावर

श्रोतेहो, रामकृष्णहरी!

तुळशीची 108 मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून ती महाराजांच्या हातून गळ्यात घालून घेतली, की माणूस माळकरी झाला. दोरा घामानं कुजतो, म्हणून बरेच जण मणी तारेत ओवून घेतात. माळ तुटलीच तर पुन्हा घालेपर्यंत जेवायचं नाही, इतकं ते कडक असतं. मांस-मद्य बंद, रोज हरिपाठ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि वारी. हे नियम बहुतेकांना पाठ असतात.

घसरण होते ती एकादशीला. दशमीला एकभुक्त, एकादशीला धान्य वर्ज्य, द्वादशीला पारणं, असा साधा क्रम. पण सकाळी खिचडी, दुपारी वडे, संध्याकाळी वेफर्स झाले, की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ठरलेलंच. कीर्तनाला बसायचं तर पोट जड, डोळे पेंगलेले. मधुमेह असणाऱ्यांनी तर साबुदाण्यापासून जपावं, साखर झपाट्यानं वाढते. आणि उपास म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये.

खरी कसोटी मात्र ताटात नाही. माऊलींच्या पालखीतळावर समाजआरती होते, ती बघा. दिंड्या गोलाकार उभ्या, टाळांचा गजर चालू. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावून 'होऽ' म्हणतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा करतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. मग आरती. म्हणजे भांडण पोटात ठेवून आरती नाही! आणि इकडे घरी, बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला धरलेले माळकरी गावोगाव सापडतात.

वारीत एकमेकांच्या पाया पडताना वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. तरीही पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. दार उघडलं. गावच्या सप्ताहाचं काय? तिथं वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहाऱ्याची यादी करून पाळीपाळीनं गळ्यात घेतात. त्या यादीत गावातल्या प्रत्येक वस्तीची नावं आहेत का, आणि पंगतीत वाढपी कोण असतात, हे माळकऱ्यांनी पहिल्याच बैठकीत विचारावं.